काळजीचा स्वभाव की काळजीचा आजार?

प्रश्न : मी ४४ वर्षांची प्राथमिक शिक्षिका असून कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहते. २०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरले होते, त्यामुळे पावसाळ्यात पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पातळी पाहत राहण्याची सवय लागली. पण गेले वर्षभर चिंता नदीपुरती उरलेली नाही. पुण्यात शिकणाऱ्या मुलाने फोन उचलला नाही किंवा सासूबाईंना साधा खोकला झाला, तरी मन थेट वाईटातच जाते. पहाटे तीनला जाग येते, खांदे आखडतात, हजेरी घेताना नावे सुटतात. ईसीजी आणि साखर ठीक आहे. घरचे म्हणतात, 'तुझा स्वभावच काळजीचा.' चिंताविकारावरील नव्या औषधाच्या अभ्यासासाठी स्वयंसेवक हवेत, असे पत्रक एका दवाखान्यात पाहिले. नाव द्यावे का?

उत्तर : पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की शुक्रवार पेठेतल्या माणसाने सामान माळ्यावर चढवावे, ही कामाची काळजी झाली, पूर ओसरला की तीही ओसरते. तुमची काळजी मात्र जानेवारीतही नवा विषय शोधून काढते. अशी आवरता न येणारी चिंता सहा महिन्यांहून अधिक काळ, बहुतेक दिवस राहिली आणि तिच्या जोडीला अस्वस्थता, थकवा, चिडचिड, एकाग्रता न होणे, स्नायू आखडणे, झोपमोड यांपैकी किमान तीन लक्षणे असून रोजच्या व्यवहारात अडथळा येत असेल, तर सर्वसाधारण चिंताविकाराचा विचार करावा लागतो. तुमच्या पत्रात त्यांपैकी तीन तर मलाच सापडली. तरीही पत्रावरून निदान करणे योग्य नव्हे. थायरॉईडची तपासणी राहिली असल्यास ती करून घ्यावी, दिवसातले चहाचे कप मोजावेत (शिक्षकांच्या खोलीतले धरून), आणि महापुराचे प्रसंग डोळ्यांपुढे उभे राहतात का, हे मानसोपचारतज्ज्ञांना आवर्जून सांगावे, कारण त्यावरून निदान बदलू शकते. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही दाखवता येईल. आधी फोनवर बोलावेसे वाटल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

अभ्यासाला माझा विरोध नाही, मात्र त्याला उपचाराची जागा देऊ नये. उपचार तुमच्यासाठी असतो, तर अभ्यास औषधाबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी असतो. अशा अनेक अभ्यासांत कोणाला औषध आणि कोणाला तशीच दिसणारी, औषधी द्रव्य नसलेली गोळी मिळणार, हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरते आणि बऱ्याचदा डॉक्टरांनाही ते ठाऊक नसते. या विकारावर समुपदेशनाची परिणामकारक पद्धत आणि परिचित औषधे आज उपलब्ध आहेत. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, इतकेच. त्यामुळे आधी, अभ्यासाशी संबंध नसलेल्या डॉक्टरांकडून निदान करून घ्यावे.

त्यानंतरही इच्छा राहिली, तर भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीचा (अशा औषध-अभ्यासांच्या अधिकृत नोंदवहीतला) क्रमांक आणि सहभागींचे हित पाहणाऱ्या नीतिमत्ता समितीची मंजुरी विचारावी. संमतीपत्र मराठीत मागून घरी आणावे, यजमानांसह वाचावे आणि सहीची घाई करणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये. अभ्यासामुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई देण्याची तरतूद नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल यांविषयीच्या २०१९ च्या नियमांत आहे. सही केल्यावरही कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार अडत नाहीत. सध्या एखादी गोळी सुरू असेल, तर केवळ अभ्यासात बसावे म्हणून ती परस्पर बंद करू नये.