सीतेच्या वेणीशी क्रॉस जमेल का?

प्रश्न : जांबोटी रस्त्याला आमचं ऑर्किडचं छोटं शेडनेट आहे, डेंड्रोबियम आणि थोड्या व्हँडा आहेत, फुलं बेळगावला जातात. आमच्या रानात सीतेची वेणी, तीही ऑर्किडच, फुलते, तिचा डेंड्रोबियमशी क्रॉस करता येईल का? आणि डीएनए टेस्टवरून रोप लहान असतानाच फुलाचा रंग कळतो म्हणतात, खरं का?
– एक वाचक, ता. खानापूर

उत्तर : दादा, डेंड्रोबियमशी नाही जमायचं, दोघांचं नातं फार लांबचं. पण व्हँडा तिच्या जवळची आहे, त्या दोघींचे क्रॉस जगभर झालेत, तेव्हा तुमची व्हँडाच धरा. फक्त रानातली वेणी काढून आणू नका हो, भीमगड अभयारण्यातून तर मुळीच नाही, तो गुन्हा आहे. नर्सरीत टिश्यू कल्चरची रोपं मिळतात, ती घ्या.

आता डीएनएचं. एका शेंगेत धुळीसारखं बारीक, लाखांनी बी असतं, ते लॅबमध्ये साखर घातलेल्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, रुजवावं लागतं आणि पहिलं फूल बघायला तीन-चार वर्षं सहज जातात. मार्कर, म्हणजे डीएनएतल्या ओळखीच्या खुणा, इथं कामाला येतात. नखाएवढं पान घ्यायचं, डीएनए काढून पीसीआर करायचा, म्हणजे त्या खुणांच्या भरपूर प्रती करायच्या, मग जेलवर त्यांच्या पट्ट्या दिसतात, त्यात बापाची एकही पट्टी रोपात नसली तर तो क्रॉसच नाही, आईचं स्वतःच्याच परागानं परागण झालंय, रोप काढून टाकायचं. तीन वर्षांचं पाणी-खत वाचलं की नाही! रंगाचं मात्र तसं सरळ नाही. २०१५ साली फॅलेनॉप्सिस या ऑर्किडच्या एका जातीचा सगळा जीनोम, म्हणजे पूर्ण डीएनए, वाचून झाला, २९ हजारांवर जीन्स निघाले, पण रंगाचा मार्कर ज्या आई-बापांवर अभ्यास झालाय त्यांच्या पिल्लांतच भरवशाचा असतो, तुमच्या नव्या जोडीला तो आयता मिळणार नाही.

जपानच्या चिबा विद्यापीठात निळं फॅलेनॉप्सिस केलं, त्यात जीन कुठला घातला माहितीय? आपल्या बांधावरच्या केन्याच्या भावकीतल्या झाडाचा! मला हे फार भारी वाटतं. पण ते जीएम, म्हणजे बाहेरचा जीन घातलेलं झाड, झालं, आपल्याकडं सरकारी परवानगीशिवाय करता येत नाही.

तुम्हाला आज खरी गरज आहे ती व्हायरस टेस्टची. सिंबिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन व्हायरस कात्रीवरून एका झाडाचे दुसऱ्याला लागतात, पानावर काळे खोलगट डाग पडतात, कधी काहीच दिसत नाही, आणि यावर औषध नाही. म्हणून आई-बाप ठरवायच्या आधी दोघांची लॅबमध्ये व्हायरस ओळखणारी एलायझा किंवा पीसीआर टेस्ट करून घ्या, आणि कात्री दर झाडाला ज्योतीवर धरून मगच वापरा.

क्रॉस केला की त्याच दिवशी लेबल बांधा, आई कोण, बाप कोण, तारीख. शेंग फाटायची वाट बघू नका, हिरवी असतानाच तोडून लॅबला द्यायची असते, किती महिन्यांची हवी ते लॅबवाल्यांना आधीच विचारून ठेवा.