क्षार म्हणजे नक्की काय? मराठीत वेगळं, हिंदीत वेगळं

प्रश्न आलाय की मुलीच्या मराठी पुस्तकात ‘आम्ल + आम्लारी = क्षार + पाणी’ असं दिलंय आणि ती हिंदीतला जो व्हिडिओ बघते त्यात सर म्हणतात अम्ल आणि क्षार मिळून लवण बनतं, मग क्षार आधी टाकायचा की शेवटी मिळतो?

दोघंही बरोबर आहेत! घोळ शब्दाचा आहे, केमिस्ट्रीचा नाही. मराठीत सॉल्ट म्हणजे क्षार. हिंदीत सॉल्टला लवण म्हणतात, बेसला (म्हणजे आपल्या आम्लारीला) क्षारक आणि पाण्यात विरघळणाऱ्या बेसला, म्हणजे अल्कलीला, क्षार, पण बोलताना सगळ्यालाच सर्रास क्षार म्हणून मोकळे होतात.

खरं सांगायचं तर जुना अर्थ हिंदीने धरून ठेवलाय. आयुर्वेदात क्षार म्हणजे वनस्पती जाळायची, राख पाण्यात कालवायची, गाळायची आणि ते पाणी आटवायचं, खाली उरतो तो क्षार. जवापासून केला की यवक्षार. आणि गंमत म्हणजे अल्कली हा शब्दही अरबीतल्या राखेवरूनच आलाय, म्हणजे दोन्हीकडे राखच! मग मराठीत तो सॉल्टकडे कसा सरकला? माझा आपला अंदाज, क्षारचं खार झालं, त्यावरून खारट, खारं पाणी, त्यामुळे आपल्या कानाला क्षार म्हटलं की मीठच आठवतं. त्यात यवक्षार म्हणजे मुख्यतः पोटॅशिअम कार्बोनेट, जे रसायनशास्त्राच्या हिशोबाने सॉल्टच आहे पण त्याचं द्रावण लाल लिटमस निळा करतं, जी बेसची खूण, म्हणजे वस्तूच अशी आहे की दोन्ही नावं तिला चिकटतात.

बेससाठी मराठीत आम्लारी, आम्ल + अरि, आम्लाचा शत्रू. मला हा शब्द जाम आवडतो कारण व्याख्या शब्दातच आहे, आम्लाला जो मारतो तो. (अरि ऱ्हस्व, पण शब्दाच्या शेवटी आला की मराठीत दीर्घ, म्हणून आम्लारी, आणि समासात मध्ये आला की परत आम्लारिधर्मी. टायपिंग मिस्टेक नाहीये ती.)

आता आम्लारी आणि अल्कली एकच का, तर नाही. काळी कॉपर ऑक्साइडची पूड पाण्यात टाका, तळाशी बसून राहील, लाल लिटमस ढिम्म हलणार नाही. तीच पूड विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकून जरा गरम करा, पूड गायब आणि द्रावण निळसर हिरवं, म्हणजे कॉपर क्लोराइड हा क्षार तयार झाला. आम्लाशी लढली म्हणून ती आम्लारी, पण पाण्यात विरघळत नाही म्हणून अल्कली नाही. सोडिअम हायड्रॉक्साइड मात्र दोन्ही.

द्रावणाचंही तसंच, हिंदीत त्याला विलयन म्हणतात, पण तिथे निदान उलटा अर्थ लागत नाही.

तर मुलीला सांगा, व्हिडिओत क्षार ऐकू आलं की वहीत आम्लारी लिही आणि लवण ऐकू आलं की क्षार. आणि ‘क्षारीय’ हा हिंदीतला शब्द मराठी उत्तरात अजिबात नको, तिथे आम्लारिधर्मी लिहायचं.