तलवारीचा पत्ता निघाला म्हणून घाबरलेल्यांसाठी

"मॅडम, तलवारी निघाल्या." जळगावच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य आता इतक्या जणांकडून ऐकलंय की, समोरच्यानं मोबाइल पुढे करायच्या आत चित्राचा अंदाज येतो. टॅरोचा, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांतला एक पत्ता: काळजात घुसलेल्या तीन तलवारी, नाहीतर पाठीत रोवलेल्या दहा. कॉलेजच्या मुली येतात, सराफाच्या दुकानातला तरुण येतो, एकदा तर निवृत्त मुख्याध्यापक आले होते. प्रश्न एकच: आता काहीतरी वाईट होणार का?

पत्त्याला उद्याचं काही कळत नाही, हे माझं उत्तर. उद्या वाईट होणारच नाही अशी हमी मीही देत नाही, पण जे होईल ते पत्त्यामुळे होणार नाही. हे सांगून कुणाची भीती जात असती, तर मात्र माझं काम फारच सोपं झालं असतं.

अमळनेरकडच्या एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. नवरा सुरतेला कापडाच्या मिलमध्ये, बाई गावी सासू आणि दोन मुलांसोबत. मोबाइलवर 'एक पत्ता निवडा' असा व्हिडिओ आला, यांनी निवडला तो तलवारींचा नववा. मग पैसे भरून एका टॅरोवालीला विचारलं. ती म्हणाली, घरावर मोठा आघात आहे, उपाय करावा लागेल. उपायाचे पैसे अर्थातच वेगळे. तेव्हापासून झोप उडाली. रात्री उठून बसायच्या, शेजारच्या खाटेवरून सासू विचारायची, "तुले काय व्हयनं वं?" आणि या म्हणायच्या, काही नाही.

"तुम्ही हे मानत नसाल ना?" त्यांनी मला पहिलं हेच विचारलं.

"माझं राहू द्या. चित्रात काय दिसतं ते सांगा."

"बाई रडतेय. अंथरुणात उठून बसलीय, तोंड झाकलंय."

"आणि तलवारी?"

"तिच्या अंगात..." त्या थांबल्या. दोन बोटांनी चित्र मोठं केलं, मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "नाही. मागं आहेत. अंधारात आडव्या लावलेल्या."

"तिला लागल्यात किती?"

बराच वेळ गेला. "एकबी नाही."

महिनाभर रोज पाहिलेल्या चित्रात त्यांना नसलेली जखम दिसत होती. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "मग ही रडते कशानं? विचारानंच ना?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडी घातलेलं नव्हतं. घालण्याचा मोह आवरला, याचं मला आजही समाधान आहे. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडले. माणसाला घटनेइतकंच, कधी कधी घटनेपेक्षा जास्त, तिच्याबद्दलचं स्वतःचं बोलणं छळतं, हे मी रोज पाहते. पण तत्त्व म्हणून ते सांगितलं की समोरचा मान हलवतो आणि घरी जाऊन तसाच जागा राहतो. स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं तरच त्याचा उपयोग.

तलवारींचा हा संचच विचाराचा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. टॅरोच्या 78 पत्त्यांत मोठे 22 आणि उरलेले 56 चार संचांत: काठ्या, पेले, तलवारी, नाणी. पेले भावनेचे, नाणी पैशाअडक्याची, काठ्या उमेदीच्या, तर तलवारी बुद्धीच्या, वाणीच्या आणि वादाच्या. त्यांचं तत्त्व वायू. एक्का म्हणजे ढगातून आलेल्या हातात उभी धरलेली तलवार, टोकावर मुकुट. स्पष्ट विचाराचं चिन्ह. पुढे विचार गोंधळतो, अडतो, टोचतो, आणि चित्रं गडद होत जातात. सगळीच नव्हे. चौथ्यात विसावा आहे, सहाव्यात नावाडी एका बाईला आणि मुलाला पलीकडे नेतोय. दहाव्यात माणूस पालथा पडलाय खरा, पण काळ्या आभाळाखाली क्षितिज पिवळं झालंय. मोबाइलवर बहुतेक वेळा दिसतात ती चित्रं 1909 साली लंडनमध्ये निघालेल्या संचातली, पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीनं काढलेली. त्याआधी पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते निव्वळ खेळायचे होते. भविष्य सांगायला त्यांचा सर्रास वापर फ्रान्समध्ये अठराव्या शतकात सुरू झाला. आपल्या साध्या पत्त्यांत तलवारींच्या जागी इस्पिक.

हे ऐकून बाई पहिल्यांदा हसल्या. "आखाजीला माहेरी रात्रभर डाव चालायचे. काका लोकांना चहा मीच द्यायचे. इस्पिक आली म्हणून कुणी उपास नाही धरला!"

थोडं गणितही सांगितलं. कुणीही तीन पत्ते काढले, तर त्यांत निदान एक तलवार असण्याची शक्यता शंभरात पंचेचाळीस. म्हणजे तीन पत्ते काढणाऱ्या जवळजवळ निम्म्या लोकांना तलवार दिसणारच.

पण भीती एवढ्यानं संपत नाही, कारण ती पत्त्याची नसतेच. पुढच्या एका भेटीत मी त्यांना आठवा पत्ता दाखवला. डोळ्यांवर पट्टी, अंग बांधलेलं, भोवती तलवारी. "पाय बघा," म्हटलं.

"पाय मोकळे आहेत."

"तुम्ही कुठे अडकलात?"

मग ते निघालं. नवऱ्याचे फोन तुटक झाले होते, पैसे कमी येत होते. तिकडे दुसरी कुणी असेल, हा विचार पत्ता काढायच्या आधीपासूनच मनात होता. नवऱ्याला विचारलं का? नाही. "विचारलं आणि खरं निघालं तर?"

त्यांनी काय विचारायचं, कोणत्या शब्दांत, हे आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. आरोप नको, रडणं नको, नेमका प्रश्न हवा. एक्क्याची तलवार तिथे कामाला आली, असं मी गमतीनं म्हणते. उत्तर आलं: मिलमध्ये काम घटलंय, पगार अर्धा मिळतोय, लाजेपोटी सांगितलं नाही. बाईंना हायसं वाटलं आणि मग चांगलाच राग आला. तो राग मला आवडला. त्याला कारण होतं, आणि त्यावर नवऱ्याशी बोलता येत होतं. पैशांची ओढाताण अजून आहे. झोप लागते.

तुमच्याही हातात असा पत्ता आला असेल, तर अर्थ शोधायच्या आधी चित्रात काय आहे ते कागदावर लिहा. खरोखर दिसतं तेवढंच. मग खाली लिहा, हे पाहून कोणाची, कशाची आठवण आली. आलेलं नाव किंवा प्रश्न बहुधा जुनाच असतो, आणि त्याचं उत्तर देऊ शकणारं माणूसही बहुधा ओळखीचंच असतं. त्याला विचारा, जमल्यास दिवसाउजेडी. रात्री दोनला कुठल्याही पत्त्याचा अर्थ लावू नका. पुन्हा पुन्हा पत्ता काढून 'चांगला' येईपर्यंत थांबणारे मी पाहिलेत, त्यानं धास्ती वाढते.

पत्ते पाहण्याला माझी हरकत नाही, काहींना त्यातून स्वतःशी बोलायला निमित्त मिळतं. मात्र सांगणारा संकटाच्या जोडीला उपायाचा दर सांगू लागला, की फोन ठेवा. आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप नसेल, जेवण तुटलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर समुपदेशकाची वाट न पाहता सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.