व्हीनस प्रेशरचा अलार्म, आणि दर महिन्याला डॉपलर हवा का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. बाबांच्या डाव्या कोपराजवळच्या फिस्टुलावर (डायलिसिससाठी धमनी शिरेला जोडून केलेल्या वाटेवर) व्हीनस प्रेशरचा, म्हणजे मशीनमधून रक्त शरीरात परत जाताना लागणाऱ्या दाबाचा, अलार्म हल्ली सारखा वाजतो, तो सुई हलल्यामुळे की शीर अरुंद झाल्यामुळे? आणि दर महिन्याला डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्यावा का? मी डायलिसिस टेक्निशियन आहे. औषधपाण्याचं डॉक्टरांना विचारा, मशीनशेजारी उभं राहून जे दिसतं ते मी सांगतो.

अलार्म अधूनमधून वाजला तर बहुतेकदा सुईच असते. पेशंटने हात वळवला, टोक शिरेच्या भिंतीला टेकलं, नळी दुमडली. पण सुया काढल्यावर रक्त थांबायला आता वीस-पंचवीस मिनिटं लागतात, पूर्वी दहाच्या आत थांबायचं, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला अलार्मपेक्षा ते जास्त खटकलं. हेपारिन (डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) वाढवलंय का, रक्त पातळ करणारी गोळी नव्याने सुरू झालीय का, हे आधी विचारा. तसं नसेल तर रक्ताला पुढे खांद्याकडे जायला अडथळा असू शकतो. कोपराच्या फिस्टुलाची शीर खांद्यापाशी वळून आत शिरते, ती जागा त्यासाठी बदनामच आहे.

घरी एक करून बघा. बाबांना हात सरळ डोक्याच्या वर धरायला सांगा. फुगलेली शीर मऊ पडून बसली तर चांगलं. तशीच टम्म राहिली तर पुढे कुठेतरी वाट अडलीय असं समजा. मग धमनी आणि शीर जोडलीय त्या जोडावर बोटं ठेवा. मांजर गुरगुरावं तशी सलग थरथर लागली पाहिजे. तिच्याऐवजी नाडीसारखे टणक ठोके लागत असतील, तर पुढच्या डायलिसिसच्या दिवशी हे आवर्जून दाखवा. हात सुजतोय का, छातीवर नव्या शिरा दिसताहेत का, तेही बघा. पूर्वी मानेत किंवा गळ्याच्या हाडाखाली कॅथेटर (डायलिसिसची नळी) टाकला असेल तर विशेष करून.

आता आकडे. चार्ट मागून घ्या, तो बघायला मिळालाच पाहिजे. सुरुवातीच्या पाच मिनिटांतलं प्रेशर, तोच पंप स्पीड, त्याच नंबरची सुई, एवढंच एकमेकांशी ताडून पाहायचं. समजा मिनिटाला २५० मिलीच्या स्पीडला प्रेशर १२०-१३० असायचं आणि सलग तीन वेळा १८० च्या आसपास आलं, तर त्यात काहीतरी आहे. मध्येच १६ ची सुई बदलून १७ ची (नंबर मोठा तशी सुई बारीक) लावली असेल तर प्रेशर नुसतं त्यानेच चढतं. एकट्या आकड्यावरून भांडायला जाऊ नका.

व्हीनस प्रेशर शांत आहे म्हणून फिस्टुला ठणठणीत, असंही नसतं. मनगटाच्या फिस्टुलात अरुंदपणा बरेचदा जोडाजवळच असतो. तिथे मुळात रक्तच कमी येतं. शीर लिबलिबीत लागते, आर्टरियल प्रेशर (मशीन रक्त ओढून घेतं तिथला दाब) जास्तच उणे जातं, पंप वाढवला की मशीन ओरडतं. व्हीनसचा अलार्म मात्र गप्प.

डॉपलरचं म्हणाल तर काही लक्षण नसताना दर महिन्याला नको. अमेरिकेच्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही भर नियमित हाताने तपासण्यावर आहे. लक्षण नसताना नुसत्या मोजमापावरून फुगा घालून शीर रुंद करू नये, असंही त्या सांगतात. फुग्याने उघडलेली जागा पुन्हा अरुंद होते, म्हणून उगाच हात लावायचा नसतो. पण तुमच्याकडे लक्षणं आहेत. अलार्म आणि लांबलेला रक्तस्राव दोन्ही नेफ्रॉलॉजिस्टच्या कानावर घाला आणि एकदा डॉपलर करून घ्या. त्यात प्रवाह मिनिटाला ४००-५०० मिलीच्या खाली आला किंवा अरुंद जागा दिसली, तर ते फिस्टुलोग्राम (फिस्टुलात औषध सोडून काढलेला एक्स-रे) सुचवतील.

थरथर अजिबात लागेनाशी झाली तर मात्र गरम शेक, चोळणं काही करू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. शनिवारची रात्र असली तरी सोमवारच्या पाळीची वाट बघू नका. गुठळी ताजी असताना काढता येते, उशीर झाला की बहुधा मानेत कॅथेटर टाकावा लागतो.