निवासी कौशल्य केंद्रासाठी सहा आठवड्यांत १०५ मुलं कशी गोळा करावीत?

‘गोळा’ हा शब्द मला टोचला, म्हणून लिहितेय. इंदूरमध्ये दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेच्या एका केंद्रात मी मोबिलायझर होते, म्हणजे गावोगावी फिरून प्रशिक्षणासाठी मुलं आणणारी. तिथे रोज हाच शब्द कानावर पडायचा.

२०१८ ची गोष्ट. मुलींची शिवणकामाची बॅच, ३५ जागा, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालीच पाहिजे असा हुकूम. सप्टेंबरभर मी खरगोन जिल्ह्यात कसरावदच्या बाजूची गावं पालथी घातली. समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक), आधार, मार्कशीट, घरातल्या कुणाचे मागच्या वर्षी नरेगात १५ दिवस भरलेत का, सगळं तपासून ३५ नावं चढवली. साहेब खूश.

७ नोव्हेंबरला दिवाळी होती. सुट्टीला गेलेल्या ३५ पैकी परत आल्या १६.

निमाडात, म्हणजे खरगोनच्या त्या भागात, तेव्हा कापसाची वेचणी ऐन भरात असते. कुठल्याही ओसरीवर विचारलं असतं तरी कळलं असतं, मी विचारलंच नव्हतं. बाकीच्यांना आणायला पुन्हा गेले. एका घरी मुलगी कापसाच्या ढिगाशी बसून बोंडातला पाचोळा काढत होती, मान वर करत नव्हती. तिची आई म्हणाली, ‘दीदी, इतनी बार आई हो, ये बताओ, रात को कुंडी भीतर से लगती है कि बाहर से?’

मला उत्तर देता आलं नाही. वसतिगृहात माझं रोजचं जाणं-येणं, पण रात्री मी तिथे कधी थांबले नव्हते. इंदूरला परतल्यावर मुद्दाम थांबले. चौकीदार दहा वाजता बाहेरून कडी घालायचा आणि कुलपाची किल्ली खिशात टाकून झोपायला जायचा.

मी साहेबांना म्हटलं, कडी आतून करा, आणि पुढच्या वेळी नाव चढवायच्या आधी मुलींच्या आयांना गाडी करून इथे आणू. ते म्हणाले, ‘ताई, तुम्ही आकडा भरा. टिकवणं ट्रेनरचं काम.’ हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. शिकून निघालेल्यांपैकी किमान ७० टक्क्यांना नोकरी, ही योजनेचीच अट आहे. जिच्या घरून मनापासून होकार नाही, ती कोर्स पुरा करूनही गाव सोडून नोकरीला जात नाही. मग ट्रेनरने काय करायचं?

सुतार मीच बोलावला. जानेवारीच्या बॅचआधी भाड्याची तूफान जीप करून नऊ आया आणल्या, भाडं माझ्या पगारातून. शिलाई मशीनांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. स्वयंपाकघरात डाळ चाखली, न्हाणीघराची कडी दोन-दोनदा लावून पाहिली, आणि वॉर्डनबाईंना घरी कोण-कोण आहे ते विचारलं. त्या नवाच्या नऊ मुली शेवटपर्यंत टिकल्या.

आता तुमचं. आधी पिकांचं वेळापत्रक समोर ठेवा. सोयाबीन काढणी सप्टेंबर-ऑक्टोबर, गहू मार्च-एप्रिल, होळीआधी भगोरिया हा आदिवासींचा मेळा, अक्षय्य तृतीयेपासून लग्नं. झाबुआ-अलीराजपूरकडची कितीतरी घरं गुजरातेत मजुरीला गेलेली असतात, होळीला परततात. मला जानेवारीच सगळ्यात बरा वाटला. रोजगार मेळाव्यात फॉर्म ढीगभर येतात, पण आया भेटतात त्या बचत गटाच्या बैठकीत, म्हणून तिथे जा. कागद पहिल्याच आठवड्यात पाहा. आधारवर एक नाव आणि मार्कशीटवर दुसरं असेल तर दुरुस्तीत दिवस जातात.

हे सगळं मुलींच्या निवासी बॅचचं आहे, हेही सांगून ठेवते. मुलगे पहिल्यांदा पगार विचारतात आणि नोकरी कुठल्या शहरात, ते विचारतात. शहरातल्या वस्त्यांतून येऊन-जाऊन शिकणाऱ्यांना यातलं निम्मं लागू नाही.

सहा आठवड्यांत १०५? मला नाही वाटत. ७० घ्या, तिसरी बॅच पुढे ढकला. वरचे तारीख हलवत नसतील तर आयांच्या गाडीचं भाडं तरी आधी लेखी मंजूर करून घ्या.