आईच्या वाटीत किती वाढावं

प्रिय,

तुझ्या पत्रात एकच वाक्य तीनदा आलंय, आई काहीच खात नाही. तो तिचा हट्ट नाही. कर्करोगावरच्या केमोमुळे चव बदलते, वासाने मळमळतं आणि आजारामुळेही शरीरात भूक मारणारी द्रव्यं तयार होतात. त्यामुळे 'दोन घास तरी खा' हा आग्रह आजपासून बंद कर. आग्रह वाढला की ताट पाहूनच तिच्या पोटात गोळा येतो.

ताटाऐवजी वाटी घे. अर्धी वाटी, दर दोन तासांनी. सकाळी भूक त्यातल्या त्यात बरी असते, तेव्हा पोटभरीचं दे. जेवणाआधी पाणी-सरबत नको, त्यानेच पोट भरतं. मळमळीची गोळी दिली असेल तर डॉक्टरांना विचारून जेवणाआधी अर्धा तास दे.

वाटी लहान, म्हणून त्यातला प्रत्येक घास कसदार हवा. नाचणीचं सत्त्व दोन चमचे, आधी थोड्या गार दुधात कालवायचं, नाहीतर गुठळ्या होतात. मग कपभर दुधात पाच मिनिटं शिजव, उतरवल्यावर दोन चमचे दूध पावडर आणि चमचाभर तूप. मऊ मुगाच्या खिचडीतही तूप सढळ हाताने. जुलाब होत असतील तेव्हा मात्र दूध-तूप थांबव, ताक-भात, पेज दे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे प्रमाण डायटिशियनकडून ठरवून घे.

फोडणीचा वास तिच्या खोलीत जाऊ देऊ नको. अन्न कोमट झाल्यावर वाढ, वाफ कमी की वास कमी. तोंडात धातूसारखी चव येत असेल तर स्टीलचा चमचा काढून लाकडी दे, आमसुलाचं सार चालेल. तोंड आलं असेल तर आंबट-तिखट बंद, गार दहीभात दे. ऑक्सालिप्लाटिन हे केमोचं औषध चालू असेल तर मात्र गारही नको, त्या औषधाने थंडाचा त्रास होतो. एक लिटर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाचदा गुळण्या करायला सांग.

केमोच्या दिवशी तिच्या आवडीची पुरणपोळी करू नको. त्या दिवसाची मळमळ त्या पदार्थाला चिकटते आणि पुढे तो नकोसाच होतो.

नातेवाईक काढे, चूर्णं आणतील. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही देऊ नको, काही औषधांच्या आड येतात. ताप 100.4 फॅरनहाइट झाला तर पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नको, रात्र असली तरी लगेच रुग्णालयात ने. केमोने रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना साधा जंतूही जीवावर बेततो.

आता उमेदीबद्दल. 'धीर धर' म्हणून धीर येत नाही. तिला ठरवू दे: आज कढी की सार? मेतकुटाचं प्रमाण तिलाच विचार आणि लिहून घे. केमोचं चक्र, म्हणजे एका केमोपासून पुढच्या केमोपर्यंतचा काळ, 21 दिवसांचं असेल तर बहुधा पहिले चार-पाच दिवस वाईट जातात, तिसऱ्या आठवड्यात तोंडाला चव येते. कॅलेंडरवर ते दिवस खुणेने दाखव, म्हणजे आजचं 'नको' कायमचं नाही हे तिला दिसेल. बाहेर ओट्यावर बसणं, भाचरांना बोलावणं त्या आठवड्यात ठेव.

दर रविवारी सकाळी त्याच काट्यावर वजन करून वहीत लिही, शेजारी किती वाट्या खाल्ल्या ते. ही वही पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेव. वजन सलग दोन आठवडे उतरलं तर भेटीची वाट न पाहता फोन कर.

आईला नमस्कार सांग. पुढच्या केमोची तारीख कळव.