डीबग सिंबॉल्स टाकायचे की नाही?

अरे, बग कळवण्याआधी डीबग सिंबॉल्स (प्रोग्रॅममधल्या फंक्शन्सची नावं आणि ओळी सांगणारी जादा माहिती) टाकायचे का विचारतोयस, तर आधी हे सांग, प्रोग्रॅम कोसळतोय की नुसतं चुकीचं दाखवतोय? चुकीचं दाखवत असेल तर सिंबॉल्सच्या भानगडीत पडूच नकोस. आवृत्ती कोणती, काय टाइप केलंस, काय यायला हवं होतं आणि काय आलं, एवढं लिही. मीही नवा असताना कोथरूडच्या खोलीवर रात्रभर सिंबॉल्स उतरवत बसलो होतो. बग काय, तर फाइलचं नाव 'सदाशिव पेठ' ठेवलं की यादीत नुसते चौकोन दिसायचे. ती एक फाइल जोडली असती तरी भागलं असतं!

'सेगमेंटेशन फॉल्ट' (मेमरीत नको तिथे हात घातल्याने प्रोग्रॅम कोसळणं) येत असेल तर मात्र सिंबॉल्स हवेतच, प्रोग्रॅम कितीही छोटा असो. ते नसले की जीडीबी या डीबगरच्या बॅकट्रेसमध्ये (कोसळताना कुठलं फंक्शन कुठून बोलावलं गेलं त्याची यादी) फंक्शनच्या नावाऐवजी '??' येतं, असले की फाइल आणि ओळ क्रमांकही कळतो. डेबियन या लिनक्सवर त्यांची वेगळी पॅकेजेस असतात, नावाच्या शेवटी 'डीबीजीसिम' असलेली. प्रोग्रॅमची आवृत्ती जी, तंतोतंत तीच त्यांचीही घे. पायथनची स्क्रिप्ट असेल तर हा प्रश्नच नाही, चूक झाली की छापला जाणारा ट्रेसबॅक ओळ सांगतोच.

आणि हो, जीडीबीतल्या 'बीटी फुल' (सविस्तर बॅकट्रेस) या कमांडचा मजकूर रिपोर्टमध्ये चिकटवण्याआधी एकदा वाच. त्यात व्हेरिएबल्सच्या किमती येतात, कधीकधी पासवर्डसुद्धा.